रोझा वन फॉन्ट: पत्रिकेवरच्या नावाला एक नंबर, मजकुराला मात्र नको

मोठ्या अक्षरात दोन-तीन शब्द लावायचे असतील आणि ते भारदस्तच दिसले पाहिजेत असा गिऱ्हाइकाचा आग्रह असेल, तर फुकट मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टांमध्ये रोझा वनच्या तोडीचा दुसरा मला अजून सापडलेला नाही. त्याच फॉन्टमध्ये कुणी अख्खी पत्रिका लावून आणली, तर मात्र छापायला घेण्याआधी मी त्यांना खुर्ची देते आणि समजावून सांगते. दोन्हींचं कारण या फॉन्टचा एकच गुण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लातुरात गंजगोलाईपासून जवळच आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, पुण्यस्मरणाचे मजकूर, दुकानाच्या पाट्या, फ्लेक्स, जे येईल ते काम आम्ही करतो. लग्नसराईत तर दिवसभर समोर नावंच नावं असतात. त्यामुळं एखादा फॉन्ट छान आहे म्हणजे काय, हे मी पडद्यावर ठरवत नाही. कार्डावर शाई बसल्यावर ठरवते.

आधी फॉन्टची ओळख. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं तो २०१४ मध्ये आणला. टिम डोनाल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांचं हे काम. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही लिप्या एकाच फॉन्टमध्ये आहेत, गुगल फॉन्ट्सवरून तो कुणालाही उतरवून घेता येतो, आणि परवाना खुला असल्यानं गिऱ्हाइकाच्या पैशाच्या कामात वापरला तरी कुणाला काही द्यावं लागत नाही. लहान गावातल्या दुकानाला ही फार मोठी गोष्ट आहे. एकच जाडी मिळते. लाईट नाही, तिरका नाही, वेगळा बोल्डही नाही.

याची इंग्रजी अक्षरं ज्या घराण्यातली आहेत त्याला फॅट फेस म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लॉटरीच्या आणि मालाच्या जाहिराती भिंतींवर लागायला लागल्या, तेव्हा लोकांना लांबून थांबवणारं अक्षर हवं होतं. पुस्तकातली नाजूक सेरिफ, म्हणजे टोकांना बारीक पट्ट्या असलेली, अक्षरं घेऊन त्यांचे उभे दांडे फुगवले आणि आडव्या रेषा, पायाशी असलेल्या पट्ट्या मात्र तशाच बारीक ठेवल्या. जाड ते अतिशय जाड, बारीक ते केसाएवढं. या ताणातच त्या अक्षराचा सगळा डौल आहे.

आता देवनागरीत सेरिफ नसतात. अक्षरांना डोक्यावर शिरोरेषा असते, पायाशी पट्टी नसते. मग हे घराणं देवनागरीत आणायचं कसं? सेरिफांची नक्कल करत इकडंतिकडं शेपट्या चिकटवलेले देवनागरी फॉन्ट मी पाहिले आहेत, आणि ते बघून अंगावर काटा येतो. रोझा वनमध्ये ते केलेलं नाही. त्यांनी घेतला तो जाड-बारीकमधला फरक. बोरूनं लिहितानाही आपल्या अक्षराला जाड-बारीक येतंच, पण इतकं टोकाचं येत नाही. तरीही हे अक्षर परकं वाटत नाही, कारण अक्षराची मूळ वळणं मोडलेली नाहीत.

जवळून बघायचं असेल तर 'शुभविवाह' हा शब्द लावा. ७२ पॉईंटला लावा (पॉईंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), काळ्या रंगात, पांढऱ्यावर, बाकी काही न करता. 'भ'चा काना संपतो तोच 'वि'ची वेलांटी आपला दांडा घेऊन येते, पाठोपाठ 'व'चा दांडा, मग पुन्हा 'व'चा, आणि त्याला लागून काना. म्हणजे ओळीनं उभे खांब, आणि मध्ये दोन 'व'ची पोटं. साध्या फॉन्टमध्ये हे तुमच्या लक्षातही येत नाही. इथं खांब एवढे ठसठशीत आहेत की शब्दाला चाल येते, आणि त्या खांबांना धरून ठेवणाऱ्या रेषा इतक्या बारीक की सगळा भार तोलून धरल्यासारखा वाटतो. त्या शब्दावर नक्षी काढायची गरजच उरत नाही. माझ्याकडं गणपतीच्या, कलशाच्या, सनईच्या चित्रांची भली मोठी फाईल आहे. ज्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर हा फॉन्ट असतो, तिथं मी त्यातलं एखादंच चित्र घेते, तेही लहान.

सगळ्या नावांवर तो सारखाच खुलत नाही, हेही सांगते. 'गायत्री', 'माया', 'गणेश', 'पल्लवी' अशा नावांत काने आणि दांडे भरपूर, त्यामुळं ती अगदी राजेशाही दिसतात. 'रुद्र', 'इंदू', 'हर्ष' या नावांत उभे दांडे फारसे नाहीत. ती वाईट दिसत नाहीत, पण शेजारी 'गायत्री' असेल तर हलकी पडतात. पत्रिकेवर नवरा-नवरीची नावं एकाखाली एक येतात, तेव्हा हा फरक डोळ्यांवर येतो आणि सोयरे मंडळी लगेच विचारतात की आमच्या पोराचं नाव बारीक का. अशा वेळी मी ते नाव थोडं मोठं लावते, पॉईंट वाढवून, सगळ्या बाजूंनी सारखं. नुसतं आडवं ओढत नाही.

हे आडवं ओढणं म्हणजे आमच्या धंद्यातला मोठा रोग आहे. मॅटर चौकटीत बसत नाही, की पकडला कोपरा आणि ताणला. उरली जागा, की फाकवलं. एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये ते थोडंफार खपून जातं. रोझा वनमध्ये आडवं ताणलं की दांडे आणखी फुगतात आणि आडव्या बारीक रेषा आहेत तेवढ्याच राहतात; अक्षर बसकं होऊन जातं. उभं ताणलं तर उलट होतं, आडव्या रेषा जाड होतात आणि ज्या फरकासाठी फॉन्ट निवडला तोच पुसला जातो. आउटलाइन देण्याची सवयही इथं घातक आहे. लाल अक्षर, त्याला पिवळी आउटलाइन, त्याला बाहेरून काळी, वर सावली, हा आपल्याकडचा फ्लेक्सचा ठरलेला साज. या फॉन्टच्या बारीक रेषेला दोन्ही बाजूंनी आउटलाइन लागली की ती रेषा त्यातच बुडते. सॉफ्टवेअरमधलं बोल्डचं बटणही दाबू नका. वेगळा बोल्ड मुळात नाहीच, त्यामुळं सॉफ्टवेअर आहे तेच अक्षर फासून जाड करतं. आणि अक्षरांतलं अंतर वाढवाल तर शिरोरेषा तुटेल. हे तर कुठल्याही देवनागरी फॉन्टमध्ये पाप आहे, पण मोठ्या अक्षरात ते जास्त दिसतं.

औशाकडचे एक मामा पुतण्याची पत्रिका करायला आले होते. त्यांना नमुना दाखवला, नावं त्यांना फार आवडली.

"ताई, एवढं झ्याक अक्षर हाय तर सगळीच पत्रिका ह्याच्यातच करा की."

"मामा, नावं त्याच्यात करू. पण खाली तुमचे निमंत्रक आहेत, आप्तेष्ट आहेत, चिमुकल्यांचं आग्रहाचं निमंत्रण आहे. एवढ्या बारक्या अक्षरात हे वाचता येणार नाही."

त्यांचा विश्वास बसेना. मग मी निमंत्रकांची यादी रोझा वनमध्ये ९ पॉईंटला लावून साध्या प्रिंटरवर काढून दिली. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, लांब धरला, जवळ धरला, आणि स्वतःच्याच मोठ्या भावाचं नाव चाचपडत वाचलं. बारीक रेषा जवळजवळ गेलेल्या, नुसते दांडे उरलेले. "ऱ्हाऊ द्या मग, तुम्ही म्हणता तसं," म्हणाले. हा कागद आता मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं पडतं.

माझं माप असं आहे: २४ पॉईंटच्या खाली हा फॉन्ट लावत नाही, आणि ३६ च्या पुढं गेल्याशिवाय त्याची खरी मजा नाही. 'लक्ष्मी', 'ज्ञानेश्वर', 'इलेक्ट्रिकल्स' अशी जोडाक्षरांची नावं असतील तर आणखी मोठं.

छपाईचं बोलू, कारण खरी परीक्षा तिथं होते. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, जुन्या ट्रेडल छपाई मशीनवर काम केलेले. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून पत्रिका लावायचे, जत्रेच्या आणि कुस्त्यांच्या पोस्टरांना लाकडाचे मोठे ठसे वापरायचे. रोझा वनचं पहिलं प्रूफ त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी अक्षराकडं बघण्याआधी कागद बोटांनी चोळून बघितला. "कागद गुळगुळीत घे. खरबरीत कार्डावर हे केस तुटणार, आणि शाई जास्त सुटली तर पोटं भरणार." अगदी तेच होतं. गुळगुळीत आर्ट कार्डवर ऑफसेटला हे अक्षर असं उतरतं की बघत राहावं. सध्या हातकागदासारख्या खडबडीत कार्डांची फॅशन आहे. त्यावर स्क्रीन प्रिंटिंगला बारीक रेषा अधूनमधून तुटतात. तयार कार्डं घेऊन त्यावर स्क्रीननं छापणारी बरीच दुकानं आहेत, त्यांनी आधी एक कार्ड वाया घालवून बघावं.

रंगाचंही तसंच. मरून रंग सगळ्यांना हवा असतो. चार रंगांच्या छपाईत तो किरमिजी, पिवळा आणि काळा असे थर एकमेकांवर बसून तयार होतो. रजिस्टर, म्हणजे हे थर एकमेकांवर नेमके बसणं, जरासं सरकलं की जाड दांड्यात ते कळत नाही, पण केसाएवढ्या रेषेला बाजूला गुलाबी सावली दिसायला लागते. म्हणून नावांसाठी मरून शाई वेगळी कालवून एकाच प्लेटवर घ्या, नाहीतर सरळ शुद्ध काळ्यात छापा. गडद कार्डावर रंग भरून अक्षर पांढरं सोडायचं असेल, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, तर आणखी जपून. आजूबाजूची शाई पसरते आणि बारीक रेषा गिळते. सोनेरी फॉइलला मी हा फॉन्ट देते, पण फक्त मुखपृष्ठावरच्या मोठ्या शब्दाला. दांड्यांवरचं सोनं तर असं चमकतं की गिऱ्हाईक तिथंच ॲडव्हान्स काढतं. लहान आकारात मात्र फॉइल बारीक रेषेवर नीट धरत नाही.

फोनवरची पत्रिका आता कागदाच्या आधी जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पत्रिका दाबली जाते आणि बारीक रेषा धूसर होतात. पीडीएफ पाठवा, किंवा फाईल डॉक्युमेंट म्हणून जोडा. एवढ्यानं फरक पडतो.

फ्लेक्ससाठी माझं मत थोडं कडक आहे. लातूरचा ट्यूशनचा परिसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथले निकालाचे फ्लेक्स माहीत आहेत: लेकरांचे फोटो, प्रत्येकाखाली नाव, गुण, टक्के. त्यात रोझा वन घालू नका. तिथं साधा, एकसारख्या जाडीचा फॉन्टच कामाचा. औसा रोडवरून गाडीवर जाणाऱ्या माणसाला लांबून फक्त उभे दांडे दिसतात, बारीक रेषा हवेत विरतात, आणि अक्षर ओळखू येईपर्यंत तो पुढं गेलेला असतो. पण फ्लेक्स भेटायच्या जागेचा असेल, म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारातला, व्यासपीठाच्या मागचा, जिथं माणसं थांबून बघतात, तर एकच मोठा शब्द रोझा वनमध्ये घ्या आणि भोवती मोकळी जागा सोडा. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या एका कार्यक्रमासाठी व्यासपीठामागं मी नुसतं '१९४८' असं माणसाच्या उंचीएवढं लावलं होतं. या फॉन्टचे देवनागरी आकडे हा त्याचा दडलेला खजिना आहे. लग्नाची तारीख, दुकानाच्या स्थापनेचं वर्ष, पंचाहत्तरीचा आकडा, असं काही असेल तर आकड्यालाच चित्र करा.

दुकानाच्या पाट्यांना दोन्ही लिप्या लागतात, तिथं या फॉन्टचा आणखी एक फायदा आहे. राज्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना मराठी देवनागरीत पाटी लावावी लागते, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. एरवी मराठी एका फॉन्टमध्ये, इंग्रजी दुसऱ्याच, आणि पाटी दोन दुकानांची वाटते. रोझा वनमध्ये दोन्ही अक्षरं एका हाताची असल्यानं सराफाचं, साड्यांचं, मिठाईचं दुकान एकदम जुन्या पेढीसारखं दिसतं. फक्त पॉईंट सारखे ठेवले म्हणजे उंची सारखी झाली असं समजू नका. इंग्रजी मोठी अक्षरं आणि आपली शिरोरेषेखालची अक्षरं पट्टी लावून मोजा, आणि मराठी मोठं ठेवा.

पाटी कशाची करणार तेही आधी ठरवा. छापील विनाईल असेल तर काही अडचण नाही. कटिंग प्लॉटरवर विनाईल कापून चिकटवायचं असेल, तर नको असलेला भाग सोलताना बारीक रेषा त्याबरोबर निघून येतात. ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं आणि आत एलईडी हवी असेल तर नाहीच म्हणा. दांड्यात दिवे बसतात, केसाएवढ्या रेषेत कुठून बसणार? कारागीर मग ती रेषा स्वतःच्या मनानं जाड करतो, आणि तयार होणारं अक्षर रोझा वन राहत नाही.

आता मजकुराचं काय? मुख्य शब्द रोझा वनमध्ये लावला की खालच्या मॅटरला मी दोनच फॉन्ट वापरते. मुक्ता हा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा फॉन्ट. सात जाड्यांत मिळतो, साधा, स्वच्छ, लहान आकारातही वाचता येतो. पत्ता, वेळ, फोन नंबर त्यात. आणि पत्रिकेचा मायना, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून पुढचा, टिरो देवनागरी मराठीमध्ये. त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत, आणि वयस्कर माणसांना ते वाचताना घरचं वाटतं. तिसरा फॉन्ट कशाला हवा?

जुन्या पद्धतीनं काम करणाऱ्या दुकानांसाठी एक महत्त्वाचं. हा युनिकोड फॉन्ट आहे, म्हणजे फोनवर आणि इंटरनेटवर चालणाऱ्या सामाईक पद्धतीचा. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर सरळ चिकटवता येतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांसाठी तोच मजकूर आधी कन्व्हर्टरमधून फिरवावा लागायचा, आणि फिरवताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, 'वऱ्हाडी'तला 'ऱ्ह' तर हटकून बिघडायचा. नवऱ्याच्या आडनावातला रफार चुकलेली पत्रिका वाटली गेली की काय होतं ते मी सांगायला नको. पण मांडणीचं कोरलड्रॉ सॉफ्टवेअर फार जुनं असेल तर युनिकोड देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी होतात. आवृत्ती बदलल्याशिवाय इलाज नाही. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधून दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा, इनडिझाईनमध्ये वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर घ्या. आणि छपाईला फाईल देताना अक्षरं कर्व्ह करा, अक्षरांची चित्रासारखी आकृती करा, म्हणजे समोरच्याकडं फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. कर्व्ह करण्याआधी घरच्या माणसाकडून प्रूफ वाचून सही घ्या.

फॉन्ट करणाऱ्यांकडं माझं एक मनापासूनचं मागणं आहे. याच अक्षरांची आणखी एक जात करा, जिच्यात दांडे असेच राहतील पण बारीक रेषा थोड्या जाड असतील, १२ ते २० पॉईंटच्या कामासाठी. इंग्रजीत या वळणाच्या काही फॉन्टना मोठ्या आणि लहान आकारासाठी वेगवेगळी आखणी मिळते. देवनागरीला तर त्याची गरज जास्तच आहे, कारण आपल्या एका अक्षरात मात्रा, रफार, जोडाक्षर सगळं मावायचं असतं. ती जात आली तर 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' पासून कार्यालयाच्या नावापर्यंत सगळे मधले आकार एकाच घराण्यात बसतील. आज तिथं मला मुक्ताचा सगळ्यात जाड प्रकार लावावा लागतो, आणि मोठ्या नावाला लागून येणाऱ्या त्या ओळीत बदल जाणवतो.